भरतीवर मोजलेली साखर

सातपाटीत पुष्पलता मेहेरला दोन गोष्टींसाठी ओळखतात. एक तिचे सुके बोंबील. त्यात वाळूचा कण काढून दाखवा, अशी तिची उघड पैज असते. दुसरी गोष्ट म्हणजे तिच्या चौकशा. नव्या बोटीला निळाच रंग का दिला, बर्फाच्या कारखान्यात मीठ कशाला घालतात, बँकेतला साहेब डाव्या हातानं सही करतो तर शाळेत त्याला मास्तरांनी मारलं नाही का. ऐकणारा दमतो, ही दमत नाही. नवरा होता तोवर वैतागून म्हणायचा, "तुला वकील करायला पायजे होतं." त्यावर ही विचारायची, "वकिलाला किती वर्षं शिकावं लागतं?" आता बोला!

अशा बाईला नातू झाला, दर्पण, आणि तिसऱ्या दिवशी तिचे प्रश्नच बंद पडले. पोर निळं पडलं, डोळे वर गेले, अंग ताठलं. पालघरच्या दवाखान्यात रक्त तपासलं तर साखर एकोणीस. सलाईनमधून साखर चढवली की पोर पुन्हा गुलाबी, दोन तासांनी पुन्हा तीच गत. आळीतल्या बायकांनी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. आणि पुष्पलतानं, खोटं कशाला बोलायचं, सुनेला एक वाक्य ऐकवलं. "तुझ्या माहेरचं कायतरी असल. आमच्यात असलं नाय." हेमांगी ओली बाळंतीण, अंगात त्राण नव्हतं, म्हणून गप्प बसली. एरवी तीही ऐकून घेणाऱ्यातली नाही.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर समिधा भेटल्या. चाळिशीच्या, बारीक अंगाच्या, बोलताना कागदावर चित्रं काढायची सवय. त्यांनी स्वादुपिंड काढून दाखवलं. "मधुमेहात इथलं इन्शुलिन कमी पडतं. याचं उलटं आहे. खाल्लं तरी इन्शुलिन, नाही खाल्लं तरी इन्शुलिन. थांबायचं कळतच नाही. मग रक्तातली साखर खाली जाते, आणि फार खाली गेली तर मेंदूला इजा होते."

"मंग ह्याचं थोडं काढून मधुमेहवाल्यांना दिलं तर?" पुष्पलतानं विचारलं. चार दिवसांतला तिचा तो पहिला प्रश्न. मुलगा मेहुल खाली मान घालून बसला होता, त्यालासुद्धा हसू फुटलं. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. "तसं जमत नाही, पण प्रश्न वेडा नाही, आजी," त्या म्हणाल्या. तेव्हापासून डॉक्टर समिधा पुष्पलताच्या मर्जीत बसल्या.

पुढची अडीच वर्षं त्या घरानं कशी काढली ते त्यांचं त्यांना ठाऊक. दर अडीच-तीन तासांनी पोराच्या पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. दूध, पेज, साखरेचं पाणी, मक्याच्या पिठाचं दूध. खायला तो तयार नसे. तोंड घट्ट मिटून घ्यायचा, मान फिरवायचा. मग गाणी म्हणा, कावळे दाखवा, प्रसंगी नाक दाबून तोंड उघडा. बोटाला सुई टोचून साखर मोजायची, दिवसातून तीन-चारदा इंजेक्शनं द्यायची. मेहुल बोटीवर गेला की पाच-सहा दिवस समुद्रात. हेमांगी बोईसरला औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला जायची, कारण औषधं काही फुकट येत नव्हती. म्हणजे दिवसभर पोर आजीजवळ, किनाऱ्यावरच्या वाळवणाच्या जागेत. वर दोऱ्यांवर बोंबील, खाली चटईवर दर्पण. हजारो पापलेटं कापलेला तिचा हात त्या इवल्याशा बोटाला सुई लावायलाही शिकला.

दर्पण अडीच वर्षांचा झाला तेव्हा डॉक्टर समिधांनी सगळ्यांना समोर बसवलं आणि पुन्हा कागद घेतला. या आजाराच्या दोन जाती असतात, त्या म्हणाल्या. एकीत स्वादुपिंड सगळंच्या सगळं बिघडलेलं असतं. मग ते जवळजवळ पूर्ण कापून काढावं लागतं आणि पोराला आयुष्यभराचा मधुमेह लागतो, नाहीतर ही अशी इंजेक्शनं घेत दिवस काढायचे. दुसरीत बिघाड एका ठिपक्यापुरता असतो, बाकी सगळं चांगलं. तेवढा ठिपका काढला की पोर बरं. पुरतं बरं.

"आमच्या दर्पणचं कुठलं?" हेमांगीनं विचारलं.

"बाहेरून सांगता येत नाही. सोनोग्राफीत दिसत नाही, साध्या स्कॅनमध्ये दिसत नाही. एक खास स्कॅन आहे. शिरेतून एक औषध द्यायचं. इन्शुलिन जास्त बनवणाऱ्या पेशी ते ओढून घेतात आणि मशीनमध्ये तेवढीच जागा उजळते. आमच्याकडे त्याची ट्रायल सुरू आहे."

ट्रायल म्हणताच मेहुल खुर्चीत ताठ बसला. "म्हणजे आमच्या पोरावर प्रयोग?"

पुष्पलतानं त्याला हातानं गप्प केलं आणि पदर खोचला. मग जे सुरू झालं ते डॉक्टर समिधांच्या खोलीत त्याआधी कधी झालं नसेल. आधी किती पोरांना दिलं? एकोणीस. त्यातलं कुणी दगावलं? नाही. ठिपका दिसला तो खराच होता का, हे कसं कळतं? ऑपरेशननंतर काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आणि स्कॅननं सांगितलेलं बरोबर होतं की चूक ते ताडून पाहतात. मग तुमाला खात्री नाय? "पूर्ण नाही, आजी. खात्री असती तर ट्रायल कशाला केली असती?" आणि मी आत्ता नाय म्हटलं तर? "तर घरी जा. औषधं चालू तशीच चालू राहतील. मधेच नको वाटलं तरी सोडता येईल. कुणी काही म्हणणार नाही."

पुष्पलताला ते पटलं. बाजारात तीस वर्षं बसलेली बाई ती. "एकदम ताजं, आत्ताच आणलं" म्हणणाऱ्याचा मासा ती आधी कल्ला उघडून बघते. जो म्हणतो, सकाळचं हाय बाय, बघून घे, त्याच्याकडून घेते. संमतीचे अकरा पानांचे मराठी कागद तिनं हेमांगीकडून मोठ्यानं वाचून घेतले, दोनदा.

त्याच कागदांत रक्ताच्या तपासणीचा निकाल जोडलेला होता. आजाराची चूक जनुकात होती आणि ती एकट्या बापाकडून आलेली होती. पुष्पलताचा चेहरा उतरला. मेहुलकडून म्हणजे तिच्याकडून, नाहीतर तिच्या नवऱ्याकडून. अडीच वर्षांमागचं ते वाक्य तिला आठवलं आणि हेमांगीलाही आठवलं, हे दोघींना एकमेकींकडे न बघता समजलं.

"पण हे चांगलं लक्षण आहे," डॉक्टर म्हणाल्या. "चूक फक्त बापाकडून आली असेल तर ठिपक्याचीच शक्यता जास्त असते. खात्री नाही. शक्यता."

बाहेर आल्यावर पुष्पलता सुनेला म्हणाली, "मी बोलले ते चुकले. माझ्या जिभेला हाड नाय."

"आता ठिपका निघू दे, मग माफ करते," हेमांगी म्हणाली, आणि दोघी एकदम रडल्या.

गावात बातमी फुटायला वेळ लागतो होय? शेजारचा दिनानाथ तारापूरच्या अणुवीज केंद्रात तीस वर्षं देखभालीच्या कामाला होता. तो संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला. "पुष्पाबाय, ते औषध किरणं सोडणारं असतं. विचार कर."

"तू तीस वर्षं किरणांत होतास. तुला काय झालं?"

"टक्कल पडलं."

"ते तुझ्या बापालापन होतं."

दिनानाथनं मग बराच वेळ बसून छातीवर लावायच्या बिल्ल्याची गोष्ट सांगितली. किती किरणं अंगावर आली ते तो बिल्ला मोजायचा आणि महिन्याच्या महिन्याला तपासणीला जायचा. पुष्पलतानं ते नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फोन लावून डॉक्टरांना विचारलं, "दर्पणला बिल्ला लावणार का?" डॉक्टर म्हणाल्या, बिल्ला नाही, पण हिशोब आधीच केलेला असतो. साध्या सीटी स्कॅनच्या आसपास किरणं, आणि ते औषध काही तासांत विझून जातं. विझून जातं म्हणजे कसं, हा प्रश्न तिनं भेटीसाठी राखून ठेवला.

आता खरी गंमत ऐका. ट्रायलमध्ये घ्यायच्या आधी दोन आठवडे घरी वही ठेवायची होती. तारीख, वेळ, साखर किती, खायला काय दिलं. त्यावरून पोर किती तास तग धरतं ते ठरणार, आणि स्कॅनच्या आधी इंजेक्शनं बंद केल्यावर सलाईन किती लावायची तेही. ट्रायलमध्ये शेवटची एकच जागा उरलेली. स्कॅन येत्या मंगळवारी. वही घेऊन चौघं शुक्रवारी इस्पितळात गेले.

ट्रायलचे कागद सांभाळणारा इंद्रजीत नावाचा तरुण होता, नागपूरकडचा, फार नीटनेटका. त्यानं वही उघडली. हेमांगीच्या नोंदी ठीक होत्या. मग आजीच्या नोंदी आल्या. 'पंचमी, भरती पुरी, ६१.' 'षष्ठी, सुकती अर्धी, ४९.' 'अष्टमी, पाणी फिरलं, ५५, पेज दिली.'

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"वेळ," पुष्पलता म्हणाली.

"आजी, वेळ म्हणजे घड्याळातली."

"वाळवणावर कुठलं घड्याळ? हात खारट, मोबाईल घरात. समोर समुद्र हाय, त्यात दिसते वेळ. आमच्या खाडीत गाळ इतका, की भरती असल्याशिवाय बोट आत येत नाय. आख्खं गाव त्याच्यावर चालतं."

इंद्रजीतनं मशीन मागितलं. साखर मोजायच्या मशीनमध्ये नोंदी राहतात, तिथं वेळ सापडेल म्हणून. पण बॅटरी बदलल्यापासून त्या मशीनचं घड्याळ भलतंच चालत होतं. मशीनच्या मते दर्पण अजून जन्मालाच आलेला नव्हता. इंद्रजीतनं वही मिटली. त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण नियम तो नियम. ही वही धरता येणार नाही, पुन्हा दोन आठवडे लिहावी लागेल, आणि तोवर जागा राहणार नाही.

मेहुल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पुष्पलतानं मिटलेली वही उचलून घेतली. अडीच वर्षं रक्ताचे थेंब मोजले, आणि आता आपल्याच हातानं आपण पोराची वाट बंद केली! मग तिला राग आला. राग आला की ती आणखी नीट विचार करते, हे तिचं वेगळंच.

"कागद दे," ती इंद्रजीतला म्हणाली. "पंचमी. पाचाची पाऊणपट किती?"

"पावणेचार."

"तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ. मंग पंचमीला पावणेचारला. दुपारच्या. षष्ठीला साडेचार. सुकती म्हणजे ओहोटी, ती अर्धी म्हणजे त्याच्यापुढं तीन तास. अष्टमीला सहा, तवा पाणी फिरतं. ह्याच्यात काय कठीण हाय? आमच्याकडं शेंबड्या पोराला येतं."

इंद्रजीतनं तिच्याकडे बघितलं, मग मोबाईलवर भरती-ओहोटीचं सरकारी वेळापत्रक उघडलं. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे, बाकी जुळत होतं. नीटनेटक्या माणसाला एकदा असं काही सापडलं की तो सोडत नाही. त्यानं वहीतल्या सगळ्या भरत्या घड्याळात आणल्या. मग त्याला सुचलं, की मशीनचं घड्याळ चुकीचं असलं तरी दोन नोंदींमधलं अंतर तर खरं असणार. तीन तास दहा मिनिटं. दोन तास पन्नास. आजीच्या हिशोबाशी ताडून बघितलं. चौदा दिवसांच्या नोंदी एकेक करून जुळत गेल्या. तो उठला आणि वही घेऊन तडक डॉक्टर समिधांकडे गेला. त्यांनी वरिष्ठांना फोन केले, मशीनच्या नोंदींची प्रत काढून वहीला जोडली, काय झालं ते सगळं खरंखरं लिहून काढलं, खाली सह्या घेतल्या. तासाभरानं इंद्रजीत परत आला. "मंगळवारी या," तो म्हणाला. "आणि आजी, ते पाऊणपटीचं पुन्हा एकदा सांगाल का?"

मंगळवारी सकाळी औषध आलं. शिशाच्या जाड डब्यात, दोन माणसं धावतपळत घेऊन आली. पुष्पलतानं राखून ठेवलेला प्रश्न बाहेर काढला. इतकी घाई कसली? तंत्रज्ञानं सांगितलं, पावणेदोन-दोन तासांत ते निम्मं होतं.

"आणि पुढल्या दोन तासांत उरलेलं संपतं?"

"नाही. उरलेल्याचं निम्मं."

"आणि मंग त्याचं निम्मं?" तिनं जरा विचार केला. "म्हणजे कधी संपतच नाय की!"

"हिशोबानं नाही, पण अंगात नावालाही उरत नाही."

"बर्फ लावून टिकत नाय?"

"नाही हो, मावशी."

"मंग पापलेट बरं," ती म्हणाली. पण आत दर्पणला झोपेचं औषध देऊन त्या गोल मशीनमध्ये सरकवलं तेव्हा तिला बाहेर थांबावं लागलं. पाऊण तास ती दाराबाहेर उभी होती. कुणी खुर्ची दिली, तिला दिसलीसुद्धा नाही.

चित्रं दोन तज्ज्ञांनी वेगवेगळी बसून बघितली, एकानं काय सांगितलं ते दुसऱ्याला न कळू देता. ट्रायलचा तसा नियमच होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर समिधांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. काळ्या-करड्या अंधारात एका टोकाला एक पिवळा ठिपका पेटलेला होता, तुरीच्या दाण्याएवढा.

"स्वादुपिंडाला डोकं असतं आणि शेपूट असतं," डॉक्टर म्हणाल्या. "हा शेपटाकडे आहे. दोघांनीही हाच सांगितला."

पुष्पलतानं पडद्याला बोट लावलं. "एवढासाच? एवढ्याशानं आमाला अडीच वर्षं नाचवलं?" आणि मग ती हेमांगीच्या खांद्यावर डोकं टेकून भोकाड पसरून रडली. वॉर्डातल्या बायका बघायला आल्या.

ऑपरेशन झालं. शेपटाकडचा तुकडा काढला, सूक्ष्मदर्शकाखाली गेला, स्कॅननं सांगितलेलं खरं निघालं. तरी डॉक्टर समिधा 'बरा झाला' म्हणेनात. बाराव्या दिवशी शेवटची परीक्षा होती. सलाईन नाही, इंजेक्शन नाही. सकाळी सहाला दूध, आणि मग संध्याकाळी सहापर्यंत पाण्याशिवाय काहीही नाही. साखर सत्तरच्या वर टिकली तर जिंकलो. नाही टिकली तर ठिपका पुरता निघालेला नाही, आणि सगळं पहिल्यापासून.

नऊ वाजता साखर चौऱ्याऐंशी. पुष्पलताचा हात आपोआप पिशवीतल्या साखरेच्या पुडीकडे गेला. नर्सनं पुडी काढून घेतली. त्यावरून दोघींची चांगलीच जुंपली. बारा वाजता एकोणऐंशी. जेवणाची ताटं आली, पुष्पलतानं आपलं ताट बाहेर नेऊन कुणाला तरी देऊन टाकलं. दोनला शहात्तर. तिला बसवेना, उभं राहवेना. आयुष्यात या पोराला तिनं साडेतीन तासही रिकाम्या पोटी ठेवलं नव्हतं, आणि आता आठ तास झाले होते.

तीन वाजता दर्पण उठून बसला. एकदम गप्प झाला. मग त्यानं दोन्ही हातांनी पोट धरलं.

"आजी, हितं कायतरी होतंय."

पुष्पलतानं त्याचा सदरा वर केला. "दुखतं? टाक्याजवळ?"

"नाय. हितं." त्यानं पोटाच्या मधोमध हात ठेवला. "आत कायतरी हाय. वढतंय."

"सिस्टर!" पुष्पलता अशी ओरडली की अख्खा वॉर्ड उभा राहिला. हेमांगी पळत आली. नर्सनं बोटाला सुई टोचली. चौऱ्याहत्तर. डॉक्टर समिधा आल्या, टाका बघितला, पोट दाबून बघितलं, कान लावून ऐकलं. मग पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्याला विचारलं, "दर्पण, आत्ता काय हवंय तुला?"

पोरानं इकडेतिकडे बघितलं. पलीकडच्या पलंगावरच्या मुलीच्या हातात बिस्कीट होतं. त्यानं तिकडे बोट दाखवलं. "ते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आजी, त्याला काही झालेलं नाही. त्याला भूक लागलीये."

पुष्पलताला आधी समजलंच नाही. मग समजलं. अडीच वर्षांत कुणी त्याला भूक लागूच दिली नव्हती. ही पोटातली ओढ त्याला नवी होती, जन्मात पहिल्यांदा आलेली.

"आजी," दर्पणनं तिचा पदर ओढला, "भूक म्हंजी काय?"

जगाला प्रश्न विचारत आलेल्या त्या बाईवर आता उत्तर द्यायची पाळी आली. तिनं त्याला उचलून मांडीवर घेतलं. डोळ्यांतून पाणी खाली वाहत होतं, ते पुसायचं भान नव्हतं. "सांगते, बाबा," ती म्हणाली. "सहा वाजू दे. तवर जरा सोस."